शेवाळाचे तेल आणि पाण्याचा हिशेब

ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आणि त्यानंतर गटवार झालेल्या बैठकांत ऊस नोंदीइतकीच आणखी एका विषयाची चर्चा झाली. पाण्यातल्या शेवाळापासून डिझेल निघते म्हणतात, मग इथेनॉल करणारा आपला कारखाना हे का करीत नाही, असा तो विषय. एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर सरळच विचारले, "साहेब, विहिरीत शेवाळ न पेरता येतं. ठिबकच्या टाकीतलं काढून काढून हात दुखतात. त्याचंच तेल होत असेल तर वाईट काय?"

प्रश्न रास्त आहे. पण तो नुसता कुतूहलाचा राहिलेला नाही, म्हणून हा लेख. काही सभासदांच्या घरी माणसे येऊन गेली आहेत. घाटाखाली कर्जत आणि खालापूर भागात जागा भाड्याने घ्यायची, उथळ तळी करायची, शेवाळ वाढवायचे आणि तेलासाठी विकायचे, अशी ती योजना. तिथे टाटांच्या वीजघराचे पाणी बारमाही मिळते, कडाक्याची थंडी नाही, मुंबई हाकेच्या अंतरावर आहे, आणि "एकदा भरलेले पाणी पुन्हा पुन्हा वापरायचे असल्याने पाण्याचा खर्च जवळपास शून्य" असे तोंडी सांगितले जाते. उसाच्या बिलाचे पैसे हातात पडले की अशी माणसे दारात येतातच. पूर्वी रतनजोतीच्या वेळी हेच झाले होते. २००३ च्या सुमारास देशभर रतनजोतीच्या बायोडिझेलचा गाजावाजा झाला, बांधाबांधावर झाडे लागली, आणि बिया घ्यायला कोणी आले नाही. ते ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको.

शेवाळाचे तेल ही मात्र थाप नाही. शास्त्र खरे आहे. अडते ते पाण्याच्या हिशेबात, आणि "पाणी पुन्हा वापरू" या तीन शब्दांत जे झाकले जाते तिथे. तोच हिशेब आम्ही इथे मांडणार आहोत.

तेलासाठी वाढवतात ते शेवाळ दगडावर बसणारे लांब तंतूंचे नव्हे. ते सूक्ष्म शेवाळ, एकेक पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. क्लोरेला हे त्यातले बहुतेकांनी ऐकलेले नाव. पाण्यात ते वाढले की पाणी पोपटी हिरवे दिसते, एवढेच आपल्याला कळते. ऊन, कर्बवायू, नत्र आणि स्फुरद मिळाले की त्याची संख्या एका दिवसात दुप्पट होऊ शकते. वाळवलेल्या शेवाळात वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके तेल सहज सापडते. नत्र तोडले तर तेलाचे प्रमाण आणखी वाढते, पण वाढ थांबते. ऊस उत्पादकाला हे वेगळे समजवावे लागणार नाही. पक्वतेच्या वेळी नत्र आणि पाणी आवरले की उसात साखर भरते, पण उंची वाढत नाही. तसाच हा प्रकार.

वाढवण्याची रीत साधारण अशी. धावण्याच्या शर्यतीच्या मैदानासारखे लांबट गोल तळे, खोली वीतभर ते फूटभर, तळाला प्लॅस्टिक. एका बाजूला फिरते चाक पाणी सतत हलते ठेवते, म्हणजे प्रत्येक पेशीला आळीपाळीने ऊन मिळते. जास्त खोल तळे करून उपयोग नाही, कारण वरच्या हिरव्या थराखाली ऊन पोचत नाही. म्हणजे शेवाळाला जमीन लागते ती उसासारखीच पसरट लागते. उभी टाकी बांधून एकरांची कमाई करता येत नाही.

अमेरिकेने या कामाला १९७८ साली सरकारी पैशाने हात घातला आणि १९९६ साली ते थांबवले. पुढे तेलाचे भाव चढले तसा उत्साह पुन्हा आला. एक्झॉन या बड्या तेल कंपनीने २००९ पासून मोठी रक्कम यात घातली आणि २०२३ च्या सुरुवातीला अंग काढून घेतल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे रिलायन्सने जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ अल्जेनॉल या अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने शेवाळाचा प्रायोगिक प्रकल्प २०१५ मध्ये चालवून दाखवला. केंद्र सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणातही शेवाळाचे नाव आहे. तरी एवढी वर्षे आणि एवढा पैसा खर्च होऊनही पेट्रोल पंपावर शेवाळाचे डिझेल रोजचे विकायला आलेले नाही. बड्या कंपनीला जे परवडले नाही ते दोन एकर भाड्याच्या जागेत आपल्याला परवडेल असे जो म्हणतो, त्याच्याकडे हिशेब मागायला हवा.

एका एकराचा हिशेब

एक एकर तळे धरू, म्हणजे ढोबळ ४,००० चौरस मीटर. खोली २५ सेंटिमीटर. त्यात १० लाख लिटर पाणी मावते. आता शेवाळ किती? उघड्या तळ्यात चांगली वाढ झाली तरी लिटरभर पाण्यात वाळलेले शेवाळ अर्धा ग्रॅम, फार तर एक ग्रॅम. आपण अर्धा धरू. रोजची वाढ चौरस मीटरला १० ग्रॅम. कागदावर याच्या दुप्पट-तिप्पट आकडे दिसतात, पण वर्षभर उघड्यावर सातत्याने मिळणारा आकडा एवढाच धरलेला बरा. म्हणजे एकरी दिवसाला ४० किलो वाळलेले शेवाळ आणि त्यातून साधारण ८ लिटर तेल.

हे ४० किलो काढायचे तर रोज ८०,००० लिटर हिरवे पाणी तळ्यातून उपसून गाळावे लागते. उसाची मोळी बांधून गाडीत टाकावी तसे हे पीक हातात येत नाही. पाण्याच्या हजार भागांत अर्धा भाग पीक आणि बाकी सगळे पाणी!

शिवाय उन्हाने तळे आटते ते वेगळे. मार्च ते मे कोकणात दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरायला हरकत नाही. एकराला ते २०,००० लिटर होते.

गाळलेले पाणी सोडून दिले, तर दिवसाचा खर्च ८० हजार अधिक २० हजार, म्हणजे एक लाख लिटर. तेल ८ लिटर. एका लिटर तेलाला साडेबारा हजार लिटर पाणी! म्हणूनच पाणी परत तळ्यात घेणे ही शेवाळाच्या धंद्यात सोय नसून अटच आहे. त्याशिवाय धंदाच नाही.

समजा गाळलेल्या पाण्यातले शंभरातले ९५ भाग परत घेतले आणि ओल्या शेवाळाबरोबर ४,००० लिटर गेले. आता दिवसाला नवे पाणी लागते २४,००० लिटर. बचत ७६ टक्के, मोठीच म्हणायची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही असेच चित्र आहे. त्यांच्या गणिताने पाणी परत न घेता एक किलो शेवाळ-डिझेलला ३,७२६ किलो पाणी लागते. पाणी परत घेतले तर पाण्यात ८४ टक्के आणि खतांत ५५ टक्के बचत होते. गृहीतके बदलली की आकडे बदलतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ साली निरनिराळे अंदाज तपासले, तेव्हा पेट्रोलच्या एका लिटरइतक्या इंधनाला सव्वातीन लिटरच्या आतपासून ते ३,६५० लिटरपर्यंत पाणी, असा जमीन-अस्मानाचा फरक निघाला. खारे पाणी घेतले की गोडे पाणी, परत घेतले की सोडले, यावर सारे अवलंबून. विकायला आलेला माणूस यातला कोणता आकडा सांगतो ते आपण ओळखावे.

आमच्या गणितात मात्र एक गोष्ट कोणालाही कमी करता येत नाही. ती म्हणजे आटलेले २०,००० लिटर. वाफ झालेले पाणी परत येत नाही. पाणी कितीही वेळा फिरवा, लिटरमागे अडीच हजार लिटर आभाळात जातात. पाणी वापरणे वेगळे आणि पाणी खपणे वेगळे. "पाण्याचा खर्च शून्य" म्हणणारा वापरलेले पाणी परत आल्याचे दाखवतो आणि खपलेले सांगत नाही.

परत आलेले पाणी तेच पाणी नसते

पाणी आटते तेव्हा शुद्ध पाणी जाते आणि क्षार मागे राहतात. सांगली-कोल्हापूरकडच्या क्षारपड जमिनी आपण पाहिल्या आहेत. जादा पाणी आणि निचरा नाही, म्हणून वर पांढरी खपली. तळ्यात निचरा एकच, ओल्या शेवाळाबरोबर जाणारे ४,००० लिटर. आत येते २४,०००. म्हणजे कालांतराने तळ्यातले पाणी मूळ पाण्याच्या सहापट खारे होऊन तिथे स्थिरावते. मूळ पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम क्षार असतील तर ६०० होतील, चालेल. आपल्याकडच्या एखाद्या विहिरीसारखे ८०० असतील तर ४,८००. गोड्या पाण्याचे शेवाळ तिथे टिकणार नाही. त्यासाठी अधूनमधून तळ्यातले पाणी मुद्दाम सोडून द्यावे लागते. बॉयलरचे पाणी ठरावीक वेळाने बाहेर काढतो त्याला आपण ब्लोडाउन म्हणतो, तसेच हे. जेवढे सोडाल तेवढी बचत कमी, आणि सोडलेले हिरवे, खारट, खतयुक्त पाणी कुठे जाणार हा प्रश्न वेगळाच.

दुसरे, शेवाळ पाण्यात स्वतःचे पदार्थ सोडते. मेलेल्या पेशी फुटतात, चिकट द्रव्ये उतरतात, त्यावर जिवाणू वाढतात. शेवाळ तळाला बसावे म्हणून तुरटी किंवा लोहाचा क्षार घातला असेल तर त्याचाही अंश राहतो. पाच-दहा फेऱ्यांनंतर त्याच पाण्यात वाढ मंदावते, असा अनुभव ठिकठिकाणी आला आहे. सगळ्या जाती सारख्या वागत नाहीत. काहींना जुने पाणी चालते, काहींना नाही.

तिसरे, रोगराई. शेवाळ खाऊन जगणारे बारीक जीव पाण्यात असतात. ते एकदा शिरले की दोन-तीन दिवसांत हिरवे तळे तपकिरी पडते. पाणी फिरते ठेवले की त्यांची पिल्लेही फिरतात. उसात लोकरी मावा आला तेव्हा एका शेतातून दुसऱ्यात जायला त्याला वेळ लागला. इथे सगळी तळी एकाच पाण्याची, एकाच नळाने जोडलेली.

आणि गाळण्याला लागणारी वीज! दुधातून साय काढतात तशा फिरत्या यंत्राने शेवाळ वेगळे करता येते, पण हजार लिटरला एक युनिट जरी धरले तरी ८०,००० लिटरला ८० युनिट झाले. आठ लिटर डिझेल जाळून जी उष्णता मिळते तीही साधारण ८० युनिटइतकीच. जेवढे कमावले तेवढे गाळण्यात गेले. म्हणून आधी शेवाळ तळाला बसू द्यायचे किंवा हवेच्या बुडबुड्यांनी वर तरंगवायचे, आणि मग उरलेल्या दाट रबडीपुरते यंत्र लावायचे. ते जमते. पण त्याला वेळ, टाक्या आणि जाणकार माणूस लागतो.

खताचेही तसेच. वाळलेल्या शेवाळात नत्र सुमारे ७ टक्के. रोजच्या ४० किलोला २ किलो ८०० ग्रॅम नत्र. वर्षातले ३०० दिवस धरले तर एकरी ८४० किलो. आडसाली उसाला आपण एकरी १६० किलो नत्राची शिफारस करतो. म्हणजे पाचपटीहून जास्त. तेल काढल्यावर उरलेली पेंड गॅसच्या टाकीत कुजवून तिचे पाणी पुन्हा तळ्यात घेतले तर नत्राचा बराच भाग परत मिळतो. मघाच्या अभ्यासातली खताची बचत पाणी परत घेण्याने आली, कारण न शोषलेले खत त्या पाण्यातच होते.

कर्जत-खालापूरचे पाणी कोणाचे?

आता जागेकडे येऊ. शेतकी खात्यातली आम्ही माणसे आणि काही सभासद मिळून खोपोली व भिवपुरीचा भाग पाहून आलो. पाणी एकदा वापरून पुन्हा वापरणे म्हणजे काय, हे शिकायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा सापडणार नाही. वळवण, लोणावळा, शिरवता या तलावांचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीच्या वीजघरात उतरते. हे वीजघर १९१५ चे. ठोकरवाडीचे, म्हणजे आंध्रा तलावाचे, पाणी कर्जत तालुक्यात भिवपुरीला उतरते. ते वीजघर १९२२ चे. चाक फिरवून पाणी बाहेर पडते तेव्हा त्यातला थेंबही कमी झालेला नसतो. पाणी वापरले गेले, खपले नाही.

पुढे ते पाताळगंगेत आणि पेज-उल्हास नद्यांत जाते. भिवपुरीचे पाणी राजनाल्याच्या कालव्यांनी कर्जतच्या शेतांना मिळते आणि त्यावर उन्हाळी भात होतो. ज्या तालुक्यात भातसंशोधनाचे जुने केंद्र आहे तिथे भर मे महिन्याआधी हिरवी खाचरे दिसतात ती याच पाण्यावर. उल्हासचे पाणी खाली बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जाते. पाताळगंगेचे पाणी कारखान्यांना आणि गावांना. आता भिवपुरीला तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवून वीज साठवण्याचा १,००० मेगावॅटचा प्रकल्प ठरला आहे; त्याचा आणि शिरवत्याच्या १,८०० मेगावॅटचा करार टाटा पॉवर व राज्य सरकार यांच्यात ऑगस्ट २०२३ मध्ये झाला.

तेव्हा "टाटांचे पाणी वाहून जाते" हे म्हणणे खरे नाही. घाटाखाली गेलेल्या थेंबाला चार-चार धनी आहेत. आणि आपण हेही विसरू नये की हे पाणी मुळात इंद्रायणीच्या, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले. दुष्काळाच्या साली ते पूर्वेकडे सोडावे अशी मागणी आपणच करतो. ज्या पाण्यासाठी आपण वर भांडतो तेच खाली जाऊन उन्हात आटवण्याच्या योजनेत पैसे घालायचे, हे आम्हाला तरी पटत नाही. शंभर एकर तळी झाली तर उन्हाळ्यात रोज २० लाख लिटर आभाळात जाणार, आणि तेल मिळणार ८०० लिटर. राजनाल्यावरच्या भातवाल्याने ते का सोसावे?

उन्हाळ्याचे हे झाले. पावसाळ्याचे उलटे. कर्जत-खालापूरला वर्षाला ३ ते ४ हजार मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. साडेतीन हजार धरला तर एकरभर तळ्यावर १ कोटी ४० लाख लिटर पाणी पडते. तळ्याची क्षमता १० लाख. म्हणजे तळे एका पावसाळ्यात चौदा वेळा भरून वाहणार. शेवाळ, खत, सारे ओढ्यात. आणि ढगाळ हवेत शेवाळ मुळातच वाढत नाही. प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत पाताळगंगा आणि उल्हास या दोघींचीही नावे येऊन गेली आहेत; त्यात हे खतपाणी आणखी.

मग बंद काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या वापरा, असे काही जाणकार सुचवतात. त्यात पाऊस शिरत नाही आणि पाणी आटत नाही हे खरे. पण उन्हात बंद नळी तापते, आतले शेवाळ शिजायला येते. ती थंड ठेवायला बाहेरून पाण्याचे फवारे मारावे लागतात. आतले वाचवलेले पाणी बाहेर आटवायचे. शिवाय नळ्यांचा खर्च तळ्याच्या कितीतरी पट.

आपल्या डिस्टिलरीचे काय?

काही सभासदांनी याहून चांगला मुद्दा काढला आहे. शेवाळाला कर्बवायू, खत आणि पाणी लागते, आणि डिस्टिलरीत हे तिन्ही फुकट जाते. मग तिथेच का नाही?

कर्बवायूचे खरे आहे. एक लिटर अल्कोहोल आंबून तयार होताना पाऊण किलो कर्बवायू निघतो, तोही बराच शुद्ध. रोज ३०,००० लिटर अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीतून २२ टनांवर. एक किलो शेवाळाला १ किलो ८०० ग्रॅम कर्बवायू लागतो, तेव्हा १२ टन शेवाळ रोज व्हायला हरकत नाही, कागदावर. पण एकरी ४० किलोने १२ टनांना ३०० एकर तळी लागतात! शिवाय शेवाळाला वायू दिवसा लागतो, आणि आंबवण रात्रंदिवस चालते.

खत आणि पाणी म्हणजे स्पेंटवॉश. त्यात नत्र आहे, पालाश भरपूर आहे. पण त्याचा रंग काळा-तपकिरी. त्यातून ऊन जात नाही, आणि उन्हाशिवाय शेवाळ नाही. गॅसच्या टाकीतून काढल्यावरही रंग जात नाही. म्हणून एक बादली स्पेंटवॉशमध्ये दहा-वीस बादल्या साधे पाणी मिसळावे लागते, तेव्हा कुठे शेवाळ धरते. सांडपाणी वापरून पाणी वाचवायला निघालो आणि पातळ करायला ताजे पाणी शोधू लागलो, अशी गत. डिस्टिलरीने थेंबही बाहेर सोडायचा नाही असा प्रदूषण मंडळाचा दंडक आहे. स्पेंटवॉश दहा-वीसपट पातळ करून ठेवणे त्या दंडकाच्या बरोबर उलट जाते.

एक जागा मात्र आम्हाला विचार करण्यासारखी वाटते. स्पेंटवॉश आटवताना जी वाफ थंड होऊन पाणी मिळते ते रंगहीन असते, त्यात थोडी आम्ले आणि अमोनिया असतो. ते साफ करून पुन्हा आंबवणीला आणि थंड करण्याच्या मनोऱ्याला घेतात. या साफसफाईत शेवाळाचा उपयोग होऊ शकेल, इंधनासाठी नव्हे, पाणी सुधारण्यासाठी. तेल निघाले तर वरकमाई. पण हा प्रयोग कारखान्याच्या प्रयोगशाळेने दोन-चार टाक्यांत करायचा. सभासदाने कर्ज काढून करायचा नव्हे.

दुसऱ्याचे पाणी मोजताना आपलेही मोजले पाहिजे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉलविषयक अहवालात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. म्हणजे शेवाळाच्या अडीच-तीन हजारांहून आपण फार उजवे नाही. फरक इतकाच की आपल्या पाण्यातला मोठा भाग शेतात लागतो, कारखान्यात नाही, आणि तो कमी करणे आपल्या हातात आहे. पाटाने मोकाट पाणी देणाऱ्याचा आणि ठिबकवाल्याचा आकडा एक नसतो. पाचट जाळण्याऐवजी सरीत पसरले की खोडव्याला एखादी पाळी वाचते, हे आपल्याच सभासदांनी करून दाखवले आहे.

कारखान्यात तर ऊस स्वतःच पाणी घेऊन येतो. उसात शंभराला ७० भाग पाणी. रोज २,५०० टन गाळप म्हणजे साडेसतरा लाख लिटर पाणी गाडी-ट्रॅक्टरने गव्हाणीत येते. काही बगॅस आणि प्रेसमडबरोबर जाते, बाकी रस आटवताना वाफ होऊन बाहेर पडते. ती वाफ थंड करून पाणी परत घेतले जाते. पण तिथेही परत आलेले पाणी तेच नसते. रसाचा थेंब वाफेबरोबर उडाला आणि साखर बॉयलरच्या पाण्यात गेली तर फेस येतो, आम्ल होते, नळ्या खातात. म्हणून प्रयोगशाळेतला मुलगा दर तासाला त्या पाण्याचा नमुना घेतो, आल्फा नॅप्थॉल आणि तीव्र आम्ल घालून पाहतो. जांभळी कडी दिसली की ते पाणी बॉयलरऐवजी दुसरीकडे वळवायचे. रात्रपाळीला एखाद्याने हा नमुना न पाहता वहीत सही केली तर काय होते, ते बॉयलर खात्याला विचारा. पाणी फिरवण्याचा धंदा यंत्राने जेवढा चालतो तेवढाच अशा नमुन्यांनी चालतो.

तेव्हा शेवाळाच्या करारपत्राचा कागद कोणाकडे आला तर सही करण्यापूर्वी तो गट कार्यालयात आणून दाखवावा. शेतकी खाते वाचून देईल, त्याला फी नाही. आणि आलेल्या माणसाला आधी एवढे विचारावे: एप्रिलमध्ये दिवसाला नवे पाणी किती घालावे लागते, ते कोणाच्या परवान्यावर उचलणार, तळ्यातले खारे पाणी किती दिवसांनी आणि कुठे सोडणार, जुलैत तळे वाहिले तर नुकसान कोणाचे, आणि माल उचलण्याची हमी कोणत्या तेल कंपनीच्या लेखी करारावर आहे. तोंडी उत्तर घेऊ नये, कागदावर लिहून घ्यावे. तो कागदही घेऊन यावे.